इच्यामागं कोणी हाय का?

दिवा जरा इकडं सरकवा, किसनराव, तोंड दिसू द्या तुमचं. आमच्या उद्धवले पोरगी द्याची म्हणता, अन् पोराचं कूळ विचारता. विचारा ना! पोरीच्या बापानं विचारलंच पाहिजे. सुभद्रा, म्हणजे उद्धवची माय, आत भाकरी टाकून राहिली, तोवर मी सांगते. पण मधातच उठून जायचं नाई, हे आधीच सांगून ठेवते.

गोष्ट कापसाच्या तेजीतली. साता समुद्रापार कुठंशी लढाई लागली, अन् इंग्रजाले अमरावतीचा कापूस सोन्यावानी दिसाले लागला. आगगाडी अजून अकोल्यालेबी आली नव्हती. ज्याची काळी जमीन होती तो मिशीले तूप लावून फिरे, अन् ज्याची नव्हती ते आमच्यासारखे शेठच्या वखारीत येऊन पडले. मी नांदगाव खंडेश्वरची, नवऱ्यानं टाकलेली. माणिकबाईचं सारं घर पटकीनं नेलं होतं. अन् नत्थुजी कुठला, ते त्यालेच ठाऊक नव्हतं. लहानपणी कोणी रस्त्यावर सोडून गेलं म्हणे. आम्हा तिघांची चूल एक. लोक नावं ठेवत, "कोणाचा कोण, अन् म्हणे बहीण-भाऊ!" ठेवोत बापडे, लोकांच्या तोंडाले कोण हात लावते!

नत्थुजी बोरा तुडवे. म्हणजे कसं, वखारीच्या आढ्याले गोणपाटाचा मोठा बोरा टांगत, दोन माणसं उभी मावतील एवढा, तोंड वर. नत्थुजी आत उतरे. माळ्यावरून आमी बाया टोपल्यानं रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, ओतत जाव, अन् तो पायानं दाबत दाबत वर येई. पण रुईत माणूस गुदमरते, बाप्पा. अन् आवाजबी लागत नाई, कापूस सारा आवाज पिऊन घेते. म्हणून टोपली ओतली का हाक द्याची, "हाय का?" आतून उत्तर ये, "हाय!" मंगच दुसरी टोपली.

त्या दिवशी शेठची लय घाई होती. माळ्यावर मीच होती. दर टोपलीले हाक दिली, अन् दर हाकेले "हाय" आलं. दिवस कलला, बोरा भरला, पण नत्थुजी काही वर आला नाई. बोरा उतरवून उसवला, तं तो तळाशी उभाच होता. थंडगार. हातपाय लाकडावानी कडक झालेले. वैदू म्हणाला, "हा तं सकाळीच गेला." मी म्हणलं, "अवो, आत्ता ओ दिली यानं मले!" वैदूनं माझ्याकडं पाह्यलं अन् आपली झोळी उचलली. मी खोटं नाई बोलत, किसनराव. शेवटचं "हाय" तं त्यानं जरा जोरानंच म्हणलं होतं.

दहावा आमीच केला. भटजी विचारते, "तू याची कोण?"

"बहीण."

"सख्खी का?"

"तुमाले पाणी सोडायचं हाय का पंचायत भरवायची हाय?" मी म्हणलं. सख्खी म्हणे! ज्या सख्ख्यानं त्याले रस्त्यावर टाकलं, त्याले आणू का धुंडून?

पिंडाले कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. माणिकबाई बिचारी हात जोडून सांगून राहिली, तुझं हे करू, ते करू, जा बावा सुखानं. कावळा आपला फांदीवर ढिम्म. मंग माझं डोकं फिरलं. मी ओरडली, "नाई जायचं तं नको जाऊ! राह्य इथंच आमच्यात!" बोलायचा अवकाश, कावळ्यानं झडप घातली. भटजीचं तोंड पांढरं पडलं. दक्षिणा न घेता उठला तो. पुढं साऱ्या गल्लीनं मले दोष दिला, का मेल्या माणसाले वाटेले लावाचं सोडून इनं ठेवून घेतलं. मी आजबी चुकली म्हणत नाई. घरच्या माणसाले जा कसं म्हणावं, तुमीच सांगा.

मंग वखारीत एक रीत पडली. बोऱ्याखाली "हाय का" असं कोणी म्हणायचं नाई. आत माणूस असंन तं बाहेरून काठीचा टोला द्याचा, त्यानं आतून लाथ माराची. काहून, ते कोणी कोणाले विचारलं नाई. एकदा एका नव्या गाडीवानानं सहज विचारलं, "शेठ हाय का?" तं माळ्यावरच्या दोघी बाया शिडी न लावता खाली उडी टाकून पळाल्या.

दिवाळीनंतर सुभद्रा आली. अकोल्याकडची, कापसाच्या गाडीत गोणपाटाखाली लपून. नवरा तापानं गेलेला, पोरगी पोटुशी. दोघा भावांची जमीन, म्हणजे इले पोरगा झाला तं अर्धी काळी त्याची. तेजीच्या दिवसात अर्धी काळी कोण सोडते हो? दीर खुशालराव, त्यानं एक दिवस मोठ्या मायेनं काढा आणून दिला, "वयनी, ताकद येईल." इनं तो तुळशीत ओतला. दोन दिवसात तुळस वाळली. तिसऱ्या दिवशी इनं घर सोडलं. मी सारं ऐकून घेतलं अन् म्हणलं, "बस जेवाले." नत्थुजीची जागा रिकामीच होती, तिथं बसवलं तिले.

चैत्र लागला. सुभद्रेचे दिवस भरत आले होते. मी सुतळी आणाले बाजारात गेलती, परत आली ते भर दुपारी. ऊन असं, का पाखरू बोलत नव्हतं. माणसं जेवून लिंबाखाली पडली होती. वखारीत पाय टाकला अन् बाहेरचा सारा आवाज बंद झाला. रुईचा बारीक भुरका हवेत तरंगून राहिला होता, सरकीचा तेलकट वास, अन् मधोमध रिकामा बोरा टांगलेला. त्याच्या खाली खुशालराव उभा. सुभद्रेचं मनगट त्याच्या मुठीत. मागं दोन लठवाले गडी. माणिकबाई मधात पडली होती, तिचं कपाळ फुटलं होतं.

"सोड तिले," मी म्हणलं.

"तू कोण वं?"

"मी माय तिची. अन् जिचं कपाळ तू फोडलं ते मावशी."

खुशालराव हसला. "रस्त्यावरच्या माया-मावश्या! दोन रांडव बाया, अन् म्हणे घर. अवं, बाप हाय इले? भाऊ हाय? बोल ना..." त्यानं सुभद्रेचा हात पिरगाळला. "इच्यामागं माणूस कोणी हाय का?"

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी म्हणाले गेली, नको बोलू इथं ते... पण शब्द त्याच्या तोंडून गेलता.

वरून आवाज आला.

"हाय."

दबका. तोंडात कापूस भरून कोणी बोलावं, तसा.

"कोण लपला हाय रे आत?" खुशालरावनं लठ घेऊन बोरा ढोसला. बोरा रिकामा होता, माझ्या डोयानं दिसून राहिला होता, पोट खपाटीले लागलेलं. लठ ढोसल्या जागी रुतला. ओढला तं निघेना. मंग आत पाय पडाले लागले. धप्... धप्... बोऱ्याचं बूड फुगलं. मंग त्याच्या वर. मंग अजून वर... तुडवणारा माणूस रुई दाबत वर येते, अगदी तसं. पण रुई कोणीच ओतत नव्हतं!

लठवाले पळाले. खुशालरावनं मात्र मनगट सोडलं नाई, जमीन मोठी होती ना. किसनराव, भेव मलेबी वाटलं. पण पोरीचं तोंड पाह्यलं अन् मनात आलं, मरण येवो का भूत येवो, ही पोरगी इथून जाणार नाई. मी मान वर करून ओरडली, "ये भाऊ! वर ये! तुझ्या भाचीले न्याले आले हे!"

धप्... धप्... अन् थांबलं. बोऱ्याच्या तोंडाशी काहीतरी आलं. मी नाई पाह्यलं, सुभद्रेचं डोकं छातीशी धरून खाली पाहत होती. खुशालरावनं पाह्यलं. त्याची मूठ आपोआप उघडली. तो चालत गेला, जोडे तिथंच टाकून. पुढं ऐकलं, का तो गादीवर कधीच निजला नाई. दगडी ओट्यावर झोपे, थंडीतबी, अन् उशी कोणी जवळ आणली तं लहान लेकरावानी रडे. अर्धी काळी त्यानं मुकाट्यानं पोराच्या नावावर केली. तेच तुमच्या जावयाचं वावर.

तं हे त्याचं कूळ. मी आजी, माणिकबाई मावसआजी. अन् मामेआजा कोण, ते सांगतलं. सोयरीक मोडायची तं मोडा, पण आमच्या घरात माणूस नाई असं म्हणू नका.

एक राह्यलंच. उद्धवच्या बारशाले गल्लीतलं कोणी आलं नाई. आमच्या आमीच. वखारीतच लुगड्याचा पाळणा बांधला होता, चारी बाजूनं पदर सोडलेले. रीतीनं एकीनं पोर पाळण्याखालून द्याचं, पलीकडून दुसरीनं घ्याचं. मी वाकली अन् गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत पोर पाळण्याखाली सरकवलं. पलीकडून दोन हातांनी ते घेतलं. मी मोकळी होऊन उभी राह्यली, तं मागून चुलीकडून माणिकबाईचा आवाज आला, "थांब वं जयवंता, आली मी. हात पिठात हायेत माझे."

सुभद्रा पाटावर बसली होती, पांढरीफटक. मी किंचाळली नाई. खाली बसली, पाळण्याखालून दोन्ही हात पुढं केले अन् म्हणलं, "आजा हायेस तू त्याचा. पाह्यलंस ना तोंड? आता दे."

दिलं त्यानं. पण किसनराव... लगेच नाई दिलं.