गटाराची साक्ष

सुविचार सोसायटीने गटारात यंत्र बसवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'नितळ'. सांगलीत तेव्हा ही यंत्रं नवीन होती. प्रत्येक मजल्याच्या सांडपाण्याच्या पाइपला एक संवेदक चिकटवायचा. पाण्यातले जंतू, औषधांचे अंश, रक्त असं सगळं तो ओळखायचा आणि सेक्रेटरींच्या फोनवर अहवाल पाठवायचा. कावीळ, टायफॉइडची साथ वेळीच कळावी हा हेतू. हेतू चांगलाच होता, पण माकडाच्या हाती कोलीत दिलं गेलं होतं.

सेक्रेटरी दिगंबर आवटी रोज पूजेआधी गटार वाचायचे. कुणाची साखर वाढली, कुणाकडे झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या, हे ते जिन्यात फुकट वाटायचे. याला ते समाजसेवा म्हणत.

रविवारी त्यांनी तातडीची सभा बोलावली. सणाला न येणारी माणसंही चपला आपटत हजर झाली. आवटींनी भिंतीवर अहवाल झळकवला. ब विंग, तिसरा मजला. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचे अंश. त्यानंतर काही दिवसांनी, पाळीची वेळ नसताना रक्त. खाली लाल अक्षरांत निष्कर्ष होता: संशयित गर्भपात. यंत्राला एवढीच अक्कल शिकवलेली होती, आणि सभेला तीही जास्त झाली.

तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं. एक खुद्द आवटींचं. दुसऱ्यात भाड्याने राहणारी शलाका भोईर, फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. एकटी मुलगी म्हटल्यावर कुणी दुसऱ्या दाराकडे बघायचे कष्टही घेतले नाहीत.

"आठ दिवसांत खोली रिकामी कर," अध्यक्ष निकम म्हणाले. "ही घरंदाज लोकांची सोसायटी आहे."

"काका, मी गोळी घेतलेली नाही. आणि घेतली असती, तरी तुम्हाला काय करायचंय?" शलाका म्हणाली. "पुढच्या आठवड्यात माझी परीक्षा आहे. मी जाऊ कुठं?"

"ते आधी सुचायला हवं होतं," आवटी म्हणाले. "यंत्र खोटं बोलत नाही. अहवाल आमच्यासमोर आहे."

मागच्या रांगेतून आवटींची बायको उठली. हेमलता आवटी, वय चव्वेचाळीस, थोरला मुलगा इंजिनिअर.

"गोळी मी घेतलीय," ती म्हणाली.

आवटी हसले, मग हसायचे थांबले.

"औषधाच्या दुकानातल्या बाईंनी सगळं समजावलं होतं," हेमलता शांतपणे सांगू लागली. "मळमळेल, डोकं दुखेल, स्तन दुखतील. मधेच थोडं रक्त जाईल. पाळी आठवडाभर मागेपुढे होईल, त्याहून लांबली तर तपासून घ्या. तसंच झालं. यात गर्भपात कुठला? ही गोळी राहिलेला गर्भ पाडत नाही, राहूच देत नाही. तुमच्या यंत्राला एवढंही माहीत नाही?"

"अगं, पण तू मला सांगितलं नाहीस!"

"दोन दिवस मी जेवले नाही. तुम्ही म्हणालात, पित्त झालंय, आमसूल चोख. शेजारच्या ताटाकडं तुमचं लक्ष नाही आणि गटाराकडं रोज."

निकमांनी घसा खाकरला. "वहिनी, हा तुमचा घरगुती मामला आहे. आपण इथंच मिटवू."

"माझा घरगुती, आणि हिचा सोसायटीचा?"

आता त्या थोर मंडळींनी काय करावं? शलाकाची माफी मागावी? छे! खोली सोडायची सूचना 'तूर्त स्थगित' झाली आणि लगेच नवा ठराव आला: यापुढे संवेदक फक्त भाडेकरूंच्या पाइपला लावावेत, सभासदांची घरं वगळावीत. भराभर हात वर गेले. पहिला हात आवटींचा होता. लाज विकत मिळत असती, तरी या लोकांनी ती भाड्यानेच आणली असती.

शलाका मान खाली घालून उभी होती. हेमलता पुढं आली, तिच्या शेजारी उभी राहिली आणि नवऱ्याच्या वर गेलेल्या हाताकडं बघत म्हणाली,

"बाईचं रक्त कधी गेलं, ते तुमचं यंत्र सांगतं. ती गोळी तिला कुणामुळं घ्यावी लागली, तेही सांगतं का हो?"