तीन नंबरची खोली

साथीच्या चौथ्या आठवड्यात मोठ्या सिस्टरांच्या हातातलं सगळं काम गेलं आणि त्याच्या जागी एक टेलिफोन आला.

त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत ते वयामुळे नव्हे, उंचीमुळे. रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात सव्वीस वर्षं त्या तपासणीच्या खोल्यांबाहेर उभ्या राहिल्या होत्या. कोणाला आधी आत सोडायचं, कोणाला पाणी द्यायचं, कोणाच्या सासूला गोड बोलून बाहेर बसवायचं, हे त्यांना नुसत्या चेहऱ्यावरून कळे. आता विभागच बंद होता. डॉक्टर मंडळी वरच्या मजल्यावर साथीच्या रुग्णांकडे गेली होती. हॉलमधल्या खुर्च्या एकीवर एक चढवून भिंतीला लावल्या होत्या. एक आणि दोन नंबरच्या खोल्यांना कुलूप होतं. तीन नंबरमध्ये संरक्षक पोशाखांची खोकी छतापर्यंत रचली होती, आणि तिलाही कुलूप होतं. तिन्ही किल्ल्या मोठ्या सिस्टरांच्या गळ्यातल्या दोरीला.

रेकॉर्ड रूममधल्या टेबलापाशी बसून त्या यादीतल्या बायकांना एकामागून एक फोन लावत.

"ताई, तुमची तारीख पुढे गेलीय. नाही, नवी अजून ठरलेली नाही. कळवू आम्ही. तोवर थांबा."

काही जणी भांडत. काही जणी इतकं हळू बोलत की रिसीव्हर कानात रुतवावा लागे. अख्खं घर एका खोलीत कोंडलेलं, नवरा हाताच्या अंतरावर. अशा बाईने काय होतंय ते सांगायचं तरी कसं? मग मोठ्या सिस्टर प्रश्न असे बेतत की तिला नुसतं हो किंवा नाही म्हणता यावं. अंगावरून जास्त जातंय? हो. गाठी पडतात? हो. घरात माहीत आहे कोणाला? नाही.

"थांबा," मोठ्या सिस्टर म्हणत, आणि यादीतल्या पुढच्या नंबरावर बोट ठेवत.

त्यांच्या स्वतःच्या कपड्यांवर दोन महिन्यांपासून डाग पडत होते. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. त्यानंतर असे डाग दिसले तर काय असू शकतं, हे त्यांनी हजारदा दुसऱ्यांना समजावलं होतं. स्वतःची समजूत मात्र त्या घालत, धावपळ फार होतेय. धावपळ कसली, दिवसभर खुर्चीत बसून फोन.

यादीत बसवर कंडक्टर असलेली एक बाई होती. ओटीपोटात डावीकडे दुखायचं, सोनोग्राफी व्हायची होती. मोठ्या सिस्टरांनी ठरलेलं वाक्य म्हटलं, तर पलीकडून ती चक्क हसली.

"अहो सिस्टर, मी काल येऊन गेले की. तपासलं मला."

"कुठे?"

"तुमच्याकडेच. तीन नंबरला, दुपारी एकच्या सुमाराला. डावीकडे गाठ आहे म्हणाल्या, लिंबाएवढी. तिला पीळ बसू शकतो, एकदम जोरात दुखायला लागलं तर तासभरसुद्धा काढू नका म्हणाल्या."

"कोण म्हणालं असं?"

"डॉक्टरबाई. नाव नाही विचारलं. मास्क, टोपी, वर ती काच. तुम्हा लोकांना आता चेहरे कुठे राहिलेत? पण हात उबदार होते हो. एरवी थंडगार हात लागला की दचकायला होतं."

"तुम्हाला आत सोडलं कोणी?"

"मागच्या दाराने आले. उघडंच होतं."

मागचं दार पहिल्याच आठवड्यात लोखंडी पत्रा ठोकून बंद केलं होतं. मोठ्या सिस्टरांनी फोन ठेवला. कुठल्या तरी खाजगी दवाखान्यात जाऊन आली असेल, गोंधळली असेल. त्यांनी तिच्या नावापुढे पेन्सिलीने 'गैरसमज' असं लिहिलं आणि पुढचा नंबर फिरवला.

दोन दिवसांनी एका शिक्षिकेला फोन लावला. तिची तांबी बदलायची मुदत टळून गेली होती.

"बदलली की," ती म्हणाली. "तीन नंबरला. कळलंसुद्धा नाही."

त्याच दिवशी सातव्या महिन्यातली एक मुलगी म्हणाली, बाळ आडवं होतं, बाईंनी पोटावरून हात फिरवत फिरवत सरळ केलं. दुपारी एक वाजता. मागच्या दाराने.

मोठ्या सिस्टर उठल्या. मागच्या दारापाशी जाऊन त्यांनी पत्र्याला हात लावून पाहिला. खिळे जागच्या जागी होते, डोकी गंजायला लागलेली. मग त्यांनी तीन नंबरचं कुलूप काढलं. आत पुठ्ठ्याचा वास होता. खोकी दारापर्यंत आलेली. तपासणीचं टेबल त्यांच्याखाली कुठेतरी गाडलं गेलं होतं. अंग चोरून कशीबशी एक व्यक्ती बेसिनपर्यंत पोचेल एवढीच फट होती. त्यांना स्वतःचंच हसू आलं.

परत फिरताना त्यांचं लक्ष बेसिनकडे गेलं. ते ओलं होतं. साबणाच्या वडीवर फेस होता.

नळ गळत असेल म्हणून त्यांनी तो आवळून पाहिला. तो आधीच घट्ट होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांचा नवरा त्यांच्याकडे बघत राहिला. तो शाळेत गणित शिकवायचा आणि आता जेवणाच्या टेबलावर बसून पडद्याशी बोलायचा.

"काय गं, एका कपात तिसऱ्यांदा उठतेयस. कोणी गेलं का तिकडे?"

"नाही. उलट येतायत."

"म्हणजे?"

"काही नाही हो. आणि तुमचा तो आवाज बंद करा आधी. आख्खा वर्ग ऐकतोय."

पडद्यातून पाचपंचवीस मुलांचं हसू फुटलं. नवरा बटणं शोधायला लागला. त्या धांदलीत सांगायचं होतं ते राहून गेलं, आणि राहून गेलं याचं मोठ्या सिस्टरांना बरंच वाटलं. न्हाणीघरात जाऊन त्यांनी कपडा बदलला. आजचा डाग कालच्यापेक्षा मोठा होता.

आठवडा संपता संपता विभागप्रमुख जिन्यात भेटल्या. त्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत. त्यांच्या गालांवर मास्कचे वळ उठले होते आणि त्या कठड्याला धरून उतरत होत्या.

"बरं झालं भेटलात. त्या कंडक्टर बाईला ओळखता ना? काल सकाळी आली. पीळ बसला होता गाठीला. धावतपळत आली म्हणून निभावलं."

"गाठ डावीकडे होती?"

"डावीकडे. लिंबाएवढी." मॅडम एक पायरी खाली आल्या. "सोनोग्राफी नाही, केसपेपरवर नोंद नाही, आणि तिला सगळं आधीच माहीत. तीन नंबरला तपासलं म्हणते. मी तर महिनाभर विभागात पाऊल ठेवलेलं नाही. कोण बसतं तिथे?"

"कोणी नाही. खोकी आहेत."

मॅडम त्यांच्या डोळ्यांत पाहत राहिल्या. "झोप होतेय ना तुमची?"

"तुमची होतेय?"

एरवी दोघी हसल्या असत्या.

त्यानंतर फोनवरचं बोलणंच बदललं. मोठ्या सिस्टरांनी "ताई, तुमची तारीख" एवढं म्हणेपर्यंत पलीकडून उत्तर येई. झालं माझं. परवाच झालं. गोळ्या लिहून दिल्यात, बरं वाटतंय. बायकांच्या आवाजात कुठे भीती नव्हती, शंका नव्हती; इतक्या दिवसांनी कोणीतरी विचारपूस केल्याचं समाधान होतं. मोठ्या सिस्टरांचा जीव मात्र थाऱ्यावर राहिला नाही. दुपारी एक वाजला की त्या खालच्या मजल्यावरून निघून जात. फाटकाशी जाऊन उभ्या राहत आणि रिकामा रस्ता बघत. एकही बाई आत येताना दिसत नसे.

मग एक दिवस यादीतल्या एका आजीबाई म्हणाल्या, "तुम्हीच का हो त्या उंच सिस्टर?"

"हो. का?"

"डॉक्टरबाई विचारत होत्या तुमचं. म्हणाल्या, ती सगळ्या जगाला थांबवून ठेवते, ते एक वेळ ठीक. पण ती स्वतः कशाला थांबलीय? तिला म्हणावं, दोन महिने झाले."

मोठ्या सिस्टरांनी रिसीव्हर खाली ठेवला. दोन महिने झाल्याचं त्यांच्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या फाटकाकडे गेल्या नाहीत. भिंतीलगतच्या चळतीतून एक खुर्ची उतरवून त्यांनी ती तीन नंबरसमोर ठेवली आणि दाराकडे तोंड करून बसल्या. पाऊण वाजला. वरच्या मजल्यावर कोणीतरी ढकलगाडी नेली. मग शांत झालं.

एक वाजता आतून स्टुलाच्या चाकांचा आवाज आला.

तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. एक चाक जरा अडखळायचं. मग नळ सुटला. मग स्टीलच्या ट्रेमध्ये काहीतरी ठेवल्याचा हलका आवाज. त्यांनी गळ्यातल्या किल्ल्या चाचपल्या, तिन्ही होत्या. समोर कुलूप कडीला उघडं लटकत होतं.

"या आत," बाईचा आवाज आला. दमलेला, सौम्य.

त्या उठल्या. पळून जावं असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी हेही आलं की फार दिवसांनी त्यांना कोणीतरी आत बोलावलं होतं.

खोलीत स्पिरिटचा वास होता. टेबलावर धुतलेली चादर होती. खोकी तेव्हा कुठे होती, ते त्यांना नंतर कधीच आठवलं नाही. त्या आडव्या झाल्या.

वर बघा, श्वास सोडा, असं त्यांनी इथे हजारो बायकांना सांगितलं होतं. छतावर ओल येऊन बदकासारखा डाग उमटला होता. सव्वीस वर्षांत तो त्यांनी पाहिलाच नव्हता. त्या इथे कधी पडल्याच नव्हत्या.

"दोन महिने?"

"हो."

"सांगितलं कोणाला?"

"नाही."

"भीती वाटते?"

"वेळ नव्हता."

"वेळ नव्हता," आवाज म्हणाला, लिहून घेतल्यासारखा.

हात उबदार होते. त्यांनी एकदा मान उचलून पाहिलं. टोपी, मास्क, काच. काचेत खिडकीचा चौकोन तेवढा दिसला.

दुखत नव्हतं. आत खोल कुठेतरी काहीतरी हलकेच ओढलं जाई. थांबे. पुन्हा ओढलं जाई.

रेकॉर्ड रूममधला फोन वाजला.

त्यांचं अंग आपोआप उठायला लागलं.

"पडून राहा. झालं नाही अजून."

"एखादी बाई असेल. काही जणींना एकदाच करता येतो फोन."

"झालं नाही."

पण त्यांचे पाय जमिनीला लागले होते. साडी सावरत त्या धावत बोळात आल्या, रेकॉर्ड रूममध्ये शिरल्या, रिसीव्हर उचलला.

पलीकडे कोणी नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. त्या परत आल्या तेव्हा तीन नंबरला कुलूप होतं. ते उघडायला त्यांना तीनदा किल्ली लावावी लागली. आत पुठ्ठ्याचा वास, छतापर्यंत खोकी, आणि एकाही खोक्यावरची धूळ विस्कटलेली नव्हती.

त्याच संध्याकाळी त्यांनी वरच्या मजल्याच्या दाराशी उभं राहून मॅडमना बोलावून घेतलं आणि फक्त डागांचं सांगितलं. मॅडम आधी संतापल्या, मग कामाला लागल्या. घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ त्यांचा हात सोडला नाही. तपासणीचा अहवाल आला. अगदी सुरुवातीचा कर्करोग होता. ऑपरेशन थांबवण्यासारखं नव्हतं, आणि मॅडमनी ते थांबू दिलं नाही. नवऱ्याला आत यायची परवानगी नव्हती. तो खाली गाड्या लावायच्या जागेत उभा राहून वरच्या सगळ्याच खिडक्यांना हात हलवत राहिला, कारण बायको कुठल्या खिडकीत आहे ते त्याला कळत नव्हतं.

शुद्ध नीट आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पलंगाशी मॅडम बसल्या होत्या. त्या किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे.

"गर्भपिशवी काढली. निभावलंत," त्या म्हणाल्या. "पुढे काही लागेल असं वाटत नाही."

मोठ्या सिस्टरांनी मान हलवली. मॅडम उठल्या नाहीत.

"तुमचं आधी कधी पोटाचं ऑपरेशन झालंय?"

"नाही. दोन बाळंतपणं, दोन्ही सरळ."

"हं." मॅडमनी मास्क उगाचच नीट केला. "आत टाके होते. दोन्हीकडच्या मोठ्या रक्तवाहिन्या कोणीतरी आधीच बांधून ठेवल्या होत्या. रेशमी धाग्याने. आपल्याकडे तो धागा मी कधी पाहिला नाही. एवढं सुरेख काम माझ्या हातून होत नाही. रक्त जवळजवळ गेलंच नाही तुमचं."

"आणि बाहेर?"

"बाहेर व्रण नाही. पोटावर नाही, कुठेच नाही."

बाहेर रुग्णवाहिका येऊन थांबली. कोणीतरी कोणाला तरी हाक मारली. मॅडम स्वतःच्या बोटांकडे पाहत होत्या.

"एक टाका तेवढा राहिला होता," त्या म्हणाल्या. "धागा तसाच सोडलेला. टोकाला सुई होती."