चंदेरी कागद

भोसरीच्या कंपनीत, प्रेस शॉपमधल्या मशीनपुढे उभ्या उभ्या जन्म गेलेला. तेव्हा मांड्या ठणकू लागल्या तर उद्धवरावांना त्यात नवल वाटलं नाही. कंपनीत सगळेच चहाबरोबर दुखण्याची गोळी टाकत, मेडिकलवालाही काही विचारत नसे. रिटायर झाल्यावर डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी चालू केली होती. तिचा आणि मांड्यांचा काही संबंध असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही. ते जुन्या सवयीने दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आले.

जेवण झाल्यावर गोळी घ्यायला गेले, तर पाकीट रिकामं. मागचा चंदेरी कागद कुठेही फाटलेला नव्हता. दुसरं पाकीट त्यांनी दुकानातच हलवून पाहिलं. गोळ्या खुळखुळल्या. घरी येऊन पाणी घेईपर्यंत तेही रिकामं.

मुलगा दिग्विजय चाकणला कामावर. घरी दिवसभर ते आणि सून. वर्षाली मागे एकदा म्हणाली होती, की बाबा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका. झालं, संशयाला जागा मिळाली. ही बाई काहीतरी चलाखी करते आहे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि तिच्यावर पाळत ठेवली. पाकीट उशीखाली ठेवून पाहिलं, खिशात ठेवून पाहिलं. शेवटी मुठीत धरून तिच्यासमोरच बसले. ती मेथी निवडत होती, जागची हलली नाही.

मूठ उघडली. पाकीट हलकं लागलं.

लघवी काळ्या चहासारखी झाली, तेव्हा मात्र त्यांचं धाबं दणाणलं. दिग्विजयने त्यांना दवाखान्यात दाखल केलं. कोलेस्टेरॉलची गोळी बंद झाली, सलाईन लागलं.

"त्या गोळीने तुमचे स्नायू झिजत होते," डॉक्टर म्हणाले. "वरून दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या असत्या, तर दुखणं दबलं असतं आणि किडन्या गेल्या असत्या. नशीब, घेतल्या नाहीत."

घरी परतल्यावर उद्धवरावांनी सुनेची माफी मागितली. त्यांना मनापासून लाज वाटत होती.

"पण मी कशालाच हात लावला नाही, बाबा," वर्षाली म्हणाली.

दोन दिवस तिचं डोकं दुखत होतं, एवढंच. बोलता बोलता तिने पर्समधून सकाळी आणलेलं गोळ्यांचं पाकीट काढलं. मग ती त्यांच्याकडे रोखून पाहू लागली.

"माझ्या गोळ्या तुम्ही घेतल्यात?"

पाकीट रिकामं होतं, चंदेरी कागद शाबूत होता.

उद्धवरावांनी नुकत्याच काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या.

"चल दवाखान्यात," ते म्हणाले.

"मला कुठे काय झालंय?" वर्षाली म्हणाली.