चित्र धुवायला गेलं

“नानांचं चित्र कुठाय?” तानूनं विचारलं. तिचे सवंगडी ज्ञानू आणि गुंडा धावत आत आले. घराच्या पुढच्या सोप्याची भिंत रिकामी होती.

मे महिन्याची सुट्टी होती आणि दुपारच्या मोटारीनं ते चित्र म्हसवडहून साताऱ्याच्या प्रदर्शनाला जायचं होतं. तानूचे धाकटे काका ज्योतिबा, म्हणजेच नाना, लढाईवरून परतल्यापासून कुणाशी धड बोलत नसत. तंबूच्या जुन्या कापडावर चिंचोक्याच्या खळीनं लोकर चिकटवायची, त्यावर चुना, काजळी, लाल माती आणि पुन्हा लोकर. चित्रात ना घोडा, ना देव! गावानं नाकं मुरडली. तानूला मात्र ते बघून गलबलून यायचं, तरी तिचा पाय तिथून निघत नसे. साताऱ्याच्या ड्रॉइंग मास्तरांनी चित्र मागवलं, त्या दिवशी नाना पोटभर जेवले होते.

“चोरी झाली,” गुंडा म्हणाला.

“फुकट दिलं तरी कोण न्हेतंय ते?” ज्ञानू म्हणाला.

उंबऱ्यापाशी लाल मातीचे पोपडे पडले होते. त्यांच्या मागानं तिघं नदीच्या वाटेला लागले, तर समोरून तानूचे वडील भाऊसो आले. मेंढरं घेऊन दिवाळीपासून जतकडे गेलेले, ते आजच परतले होते.

“आबा, भिंतीवरचं चित्र बघितलं का?”

“चित्र कसलं? घोंगडी हुती. खळ लय वाईट बसलीया, नुसत्या गुठळ्या. आकारामाला दिली, धुऊन नवी खळ लावायला.”

मुलं धूम पळाली. डोहाशी घोंगडी विणणाऱ्या आकारामानं एक कोपरा पाण्यात बुडवलाही होता!

“मामा, थांबा. ते चित्र हाय,” तानू ओरडली.

“मला येडा समजता व्हय? भाऊसोला शबूद दिलाय. सरा बाजूला.”

तानू गुंडाच्या कानाशी लागली. गुंडानं काठावरच्या मडक्यातली खळ बोटावर घेतली आणि जवळ चरणाऱ्या मेंढ्याला चाटवली. मेंढ्याला चटक लागली, त्यानं सरळ मडक्यात तोंड घातलं.

“मामा, तुमची खळ चालली,” गुंडा म्हणाला. आकाराम सगळं टाकून मडक्याकडे धावला, आणि तानू-ज्ञानूनं चित्र ओढून बाहेर काढलं.

घरी नाना त्या ओल्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिले. काजळी वाहून गेली होती आणि आतून खाकी शर्टाची बाही वर आली होती.

“नाना, एवढा कोपरा न्हाई वाचला,” तानूला रडू फुटलं.

“माझ्या पलटणीतल्या सयाजीची बाही हाय ही. त्यो तिकडंच ऱ्हायला. पयली हीच चिकटवली, मग बघवंना, म्हणून वर थर देत गेलो.”

भाऊसोंची मान खाली गेली. “चुकलं गड्या माझं. पुन्ना झाकून टाक.”

“नगं. ऱ्हाऊ दे उघडी. सयाजीबी बघू दे सातारा.” नानांनी तानूचे डोळे पुसले. “पोरांनो, तुमी नसता तर समदंच वाहून गेलं असतं.”

चित्र मोटारीपर्यंत भाऊसोंनीच डोक्यावरून नेलं.

“घोंगडं टपावर टाका,” ड्रायव्हर म्हणाला.

“घोंगडं न्हाई, चित्र हाय,” भाऊसो गुरकावले. “माझ्या भावानं काढलंय. मांडीवर घिऊन बसणार.”

नाना मोठ्यानं हसले. लढाईवरून आल्यापासून तानूनं ते हसू ऐकलं नव्हतं.