पिंजारगल्लीचा दिवा

पिंजारगल्लीच्या तोंडावरचा दिवा त्र्याऐंशी दिवस लालच होता. दिव्याखाली, गटारात, नाकाड्या बसला होता. हे नाव लोकांनी ठेवलेलं. महापालिका त्या यंत्राला ‘जलघ्राण’ म्हणे. सांडपाण्यात साथीच्या विषाणूचा कण सापडला, की दिवा लाल होई आणि फाटक मिटे. सलग सात दिवस हिरवा राहिला, तरच उघडे. कण कुणाचा, हे यंत्र विचारत नसे. नव्या कायद्याच्या लेखी माणूस आजारी पडतच नाही. आजारी पडते ती गल्ली.

जाळीपलीकडे महापालिकेच्या विषाणूतज्ज्ञ, डॉ. केतकी नाडगौडा, उभ्या होत्या.

“सुंद्राताई, तुमची आई कधीच बरी झालीये. तपासलंय मी, फक्त त्यांच्याच आतड्यात विषाणूचे मेलेले तुकडे उरलेत, खाल्लेल्या अन्नाबरोबर उतरतात. त्यांची बाधा कुणालाच होत नाही.”

“मग उघडा की फाटक!”

“नियमाला शून्य लागतं. मी तीनदा लिहून दिलंय.”

“मेलेल्याला भिणारं सरकार पहिल्यांदाच बघतेय बाई! अहो, साथीनं आत कुणी गेलं नाही, औषधावाचून चौघं गेली. आता शेजारच्या रुकसानाचं पोर आडवं आलंय. दिवस भरत आलेत तिचे. सुईणीनं हात टेकले.”

डॉक्टरांनी चौथ्यांदा लिहून द्यायला कागद काढला.

घरी येऊन सुंद्रानं सगळं जसंच्या तसं आईच्या कानावर घातलं. यसाबाई हसली. “म्हणजे गल्लीला कुलूप माझ्या पोटाचं म्हण की!”

तिसऱ्या दिवशी दिवा हिरवा झाला. बायकांनी नाकाड्याला हळदकुंकू वाहिलं.

हिरव्याचे चार दिवस सरले. अंथरूण झटकताना सुंद्राला वाकळेखाली भाकरी सापडल्या, वाळून पापड झालेल्या. एकही मोडलेली नव्हती.

“आये, काय केलंस गं हे?”

“ओरडू नको. भिंतीला कान असतात.” यसाबाईचा आवाज जात्यातल्या शेवटच्या मुठीसारखा, नुसता घरघरत होता. “तीनच दिवस राहिलेत.”

सुंद्रानं घाईघाईनं पेज केली. वाटी आईच्या ओठांशी नेली. ओठ मिटलेलेच होते, पण जोर करून उघडता आले असते. तेवढ्यात भिंतीपलीकडून रुकसाना कळवळली, “या अल्लाह... सुंद्राआपा!”

सुंद्राचा हात तसाच थांबला. मग तिनं ती पेज स्वतः पिऊन टाकली, आणि कुणी विचारलंच तर दिसावी म्हणून खरकटी वाटी आईच्या उशाशी ठेवली.