शेळगावच्या टोमॅटोंचा पंचनामा

सकाळी बारामतीच्या बाजारात शेळगावचे टोमॅटो मयत घोषित झाले. अडत्या महिपतीशेठने एक खोकं उघडलं, नाक धरलं आणि अख्ख्या टेम्पोचा भाव पाडला.

सलग तिसऱ्या तोड्याला हेच. मालाचा धनी सोपान बायकोवर, रंगूबाईवर उखडला. "भरायचं कळत न्हाय तुला. उद्या प्लॉटवर ट्रॅक्टरच घालतो, सांगून ठेवलाय."

रंगूबाई तडक बाजाराच्या गेटवर गेली आणि हवालदार दत्तोबांना घेऊन आली.

"गुन्हा काय?"

"माझं टोमॅटो मारलं."

दत्तोबा हसले नाहीत. मयताशेजारी उकिडवे बसले. "खोकी कोण भरतं?"

"मीच. तळाला उसाचं पाचट घालते. लासुर्ण्याच्या भावाकडनं आणते."

"समद्या खोक्यांत?"

"समद्या."

"माल उतरताना कुठं होता?"

"शेठनी च्याला बसवलं," सोपान म्हणाला. "लई मान देतेत."

"रस्त्यानं दबतो माल, हवालदारसाहेब," महिपतीशेठ म्हणाले. "खड्डे बघा की. ते खोकं राहू द्या, मी टाकतो मागं."

"तुमी कशाला?" दत्तोबा म्हणाले. "बाहेर गायी हायेत की."

"नको, नको."

दत्तोबांनी खोकं पालथं केलं. लगदा बुटावर आला. त्यात भाताचा पेंढा होता.

"शेठ, शेळगावात भात कधीपासनं पिकतो?"

शेठ सरकून मागच्या पडद्यापुढे उभे राहिले.

"मग मी सांगतो. काल तोडलेला माल एका रात्रीत इतका पातळ होत न्हाय. हे खोकं भाताच्या मुलखातलं. शेतकरी च्याला बसला की तुमचा गडी त्याचं चांगलं खोकं आत नेतो, हे बाहेर मांडतो. भाव पडला की तुमचाच माणूस माल उचलतो. म्हणून हे गायींना देईनात. उद्या दुसऱ्याच्या टेम्पोला लावायचंय. हे नासकं खोकं म्हंजे गाळ्यावरचा सगळ्यात जुना नोकर. पगार न्हाय, रजा न्हाय."

दत्तोबांनी शेठच्या मागचा गोणपाटाचा पडदा ओढला. आत एक खोकं. वर लालबुंद, टणक टोमॅटो, तळाला पाचट.

"धंद्यात थोडं चालतं," शेठ पुटपुटले.

"चला चौकीत. तितं बोलू."

"थांबा," रंगूबाई म्हणाली. तिने खोकं उचलून शेठच्या गादीवर आदळलं. "आधी लिलाव परत लावा. माझ्यासमोर."

लिलाव परत लागला. भाव दुपटीच्या पुढे गेला. सोपान जमिनीकडे बघत उभा होता.

"माझ्या भरण्याला नावं ठेवली," रंगूबाई त्याला म्हणाली. "आता ट्रॅक्टरवाल्याकडं जावा. उद्या येऊ नगं म्हणून सांगा. आन् का नगं, तेबी तुमच्याच तोंडानं सांगा."