लांब जबड्याची मुंगी

आसेगावजवळ वांग्याच्या वावराच्या बांधावर वर्षाराणी पालथी पडलेली दिसली आणि हरीओमनं जीप करकचून थांबवली. पाण्याची बाटली घेऊन तो धावत आला.

"ओ बाई... चक्कर आली काय?"

"शू! हलू नको. मुंगीचा फोटो काढून राह्यली."

"मुंगीचा? कायले?" तो खळखळून हसला.

तिनं मान वर केली. डोळ्यांत ठिणगी! "आपल्या जिल्ह्यात कोणत्या मुंग्या हायत, हे कोणी लिवलंच नाही. मी किड्यामुंग्यांच्या नोंदीच्या ॲपवर फोटोसंगं लिवून राह्यली. एकेचाळीस झाल्या."

हरीओमचं हसू विरलं. शेलूबाजारहून तो तिच्या बाबांकडे भाजी न्यायला यायचा. आता भाजी भरून झाली तरी त्याचा पाय निघेना.

श्रावणात तिला ओढ्याकाठच्या पळसाखाली एक वेगळीच मुंगी दिसली. लांब जबडा, टपोरे डोळे, आणि चक्क उडी मारणारी! पण ॲपवर दूरच्या शहरातल्या एका अभ्यासकानं लिहिलं : फोटो अस्पष्ट, ही जात तिकडे असणं अवघड.

"मले खोटी ठरवते..." तिनं मोबाईल हरीओमपुढे धरला.

"त्यानं आसेगाव कुठी पाह्यलं? चाल, पुन्हा शोधू."

चार सकाळी रिकाम्या गेल्या. पाचव्या दिवशी, भुरभुर पावसात, ती मुंगी टुणकन उडाली... ती थेट हरीओमच्या मनगटावर. डंख बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण हात तसूभरही हलला नाही.

"चावली काय रे?"

"हाओ... तू फोटो काढ."

तिनं नऊ फोटो काढले. मग त्याचं सुजलेलं मनगट दोन्ही हातांत धरलं — आणि सोडायचं विसरली.

आठवड्यानं अभ्यासकाचं उत्तर आलं : माझी चूक झाली. वाशिम जिल्ह्यातून या ॲपवर ही पहिलीच नोंद. अभिनंदन!

दुसऱ्या दिवशी ती शेलूबाजारात उतरली, तर जीपवाल्यांपासून चहावाल्यापर्यंत जो तो तिच्याकडे कौतुकानं पाहत होता.

"साऱ्या बाजाराले काय सांगतलं तू?" तिनं हरीओमला गाठलं.

"हेच... का आमच्या वर्षाराणीनं शोधली."

"आमच्या? तुही कोण लागते मी, हे नाही इचारलं कोणी?"

"इचारलं ना." तो कानापर्यंत लाल झाला. "म्हटलं... तिले इचारून सांगतो."

वर्षाराणीनं बाजाराकडे एकदा पाहिलं, मग त्याच्याकडे.

"सांग मंग," ती म्हणाली, साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "होणारी बायको हाय म्हणून!"